एक तुझं, एक माझं

२१ एप्रिल १९७०, मंगळवार

पोचलो एकदाचे. सफाक्सहून निघताना आई म्हणाली होती, बाई गं, जमीन संपते तिथं चाललीस, पुढं नुसतं पाणी. खोटं नव्हतं. हवारियात बस थांबली तेव्हा ड्रायव्हरनं मान मागं वळवून सांगितलं, उतरा आता, यापुढं जायचं तर होडी करा. मी हसले. माझी लेक युम्ना हसली नाही, पण तिनं ऐकलं. तेवढंही पुष्कळ.

ही वही शिवणाच्या मापांची. पुढची पानं सफाक्सच्या बायकांच्या कमरांनी भरलेली आहेत, मागची कोरी. इथं गिऱ्हाईक मिळेपर्यंत म्हटलं आपलंच माप घेऊ.

घर गावातलं शेवटचं. पांढरंशुभ्र, मधे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. मागची भिंत थेट जुन्या दगडखाणीच्या कड्यावर उभी आहे. गच्चीवर गेलं की खाली चाळीस हात खोल खाण आणि तिच्यापलीकडे समुद्र. वारा असा की डोक्यावरची ओढणी राहत नाही. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. तिजानी म्हणाला, पक्ष्यांचा हंगाम संपू दे, मग वाढवतो. लग्नाला तीन आठवडे झाले, त्यानं दिलेलं हे तिसरं वचन. पहिली दोन पाळलीत, म्हणून हेही खरं मानते.

तिजानी आठ महिने भुईमूग करतो आणि चार महिने पक्षी. पहिली बायको गेली, मूलबाळ नाही. त्याची थोरली बहीण, लल्ला जन्नात, घर सांभाळते. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, शिंपीण आहेस ना, मग या हाडांवर थोडं मांस शिवून घे आधी. मला बाई आवडली.

युम्ना पाच वर्षांची आहे. तिचे वडील बोटीवरून पडून गेले त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून ती हसलेली नाही. बोलते, पण मोजून. तिजानीला कसलीच हाक मारत नाही. तो म्हणतो, मला बाबा म्हणायची घाई नाही, आधी नुसतं ए म्हणू दे.

२४ एप्रिल, शुक्रवार

या गावात ज्याच्या हातावर शिकरा नाही तो पुरुष अर्ध्या कपड्यातला. कॉफी पितात हातावर पक्षी, भांडतात हातावर पक्षी. शिकरे मार्चमध्ये जाळ्यात पकडायचे, त्यांच्याकडून लावे पक्षी मारून घ्यायचे आणि जूनमध्ये सोडून द्यायचे. पाहुण्यासारखे. पण बहिरी ससाण्याची गोष्ट वेगळी. तो घरट्यातूनच आणावा लागतो.

डोंगराच्या समुद्राकडच्या कड्यावर बहिरीचं एक घरटं आहे, ते तिजानीच्या आजोबांपासून या घराचं. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. या वर्षी पिल्लू आणीन असं त्यानं युम्नाला कबूल केलंय.

त्याचा एक रिवाज आहे, तो मला फार गमतीचा वाटला. दोर धरून खाली उतरलेल्या माणसानं घरट्यापाशी पोचलं की पिल्लं मोजायची आणि मोठ्यानं सांगायचं. दोन आहेत, एक तुझं, एक माझं. तीन असली तर दोन तुझी, एक माझं. एकच असलं तर तोंड उघडायचं नाही, रिकाम्या हातानं वर यायचं. मला वाटलं हे दोर धरणाऱ्यांसाठी. तर नाही. डोक्यावर घिरट्या घालत असते त्या आईसाठी. तिला ऐकू गेलं पाहिजे. मी विचारलं, तिला अरबी येतं का? लल्ला जन्नात म्हणाली, आपल्या पोरांची मोजदाद कुठल्या आईला येत नाही?

जेवताना तिजानीनं बहिरीची नक्कल केली. पिल्लू उडायचं झालं की आई म्हणे घरट्यात खाणं आणायचं बंद करते. लावा पायात धरून समोरून जाते, परत येते, पुन्हा जाते. पिल्लू उपाशी, ओरडतंय, कड्याच्या टोकाशी येतंय. ती जरा लांबून जाते. शेवटी भुकेनं ते उडीच टाकतं. तिजानी भाकरीचा तुकडा नाचवत अंगणभर फिरला. माणूस वेडा आहे. युम्ना एकटक बघत होती. नंतर तिनं ताटातल्या ऑलिव्हच्या दोन ओळी लावल्या आणि कितीतरी वेळ पुटपुटत राहिली, एक तुझं, एक माझं.

२८ एप्रिल, मंगळवार

पिल्लू आलं!

वर दोर म्हाताऱ्या शाझलीनं धरला होता. त्याला सगळं गाव अम्म म्हणतं, काका. तोच येऊन सांगत होता की तिजानीनं खालून अशी हाक दिली की समुद्रापलीकडं गेली असेल. दोन आहेत, एक तुझं, एक माझं.

तिजानीनं सदऱ्यातून काढलं तर पांढऱ्या लोकरीचा गोळा. डोळे मोठे काळे, पाय कुणाचे तरी उसने आणल्यासारखे. ते दोन पावलं चाललं, स्वतःच्या पायात अडकलं आणि तोंडावर पडलं. आणि युम्ना हसली. खदाखदा, पोट धरून.

मी चुलीपाशी गेले आणि रडून घेतलं. लल्ला जन्नातनं पाहिलं, पण कांदा पुढं सरकवला, म्हणजे निमित्त राहील.

२९ एप्रिल, बुधवार

हे कुठं तरी लिहिलं पाहिजे.

तिजानीनं आज मला एकटीला सांगितलं. घरट्यात पिल्लू एकच होतं. दुसरं अंडं नासलेलं. दोराला लोंबकळत तो किती तरी वेळ पाहत राहिला. एकच आहे म्हणावं तर अम्म शाझली पिल्लासकट वर ओढणार नाही. रिकाम्या हातानं घरी जावं तर पोरगी दारात उभी असणार. म्हणून तो दोन म्हणाला.

परत ठेवून ये, असं मी म्हणायला हवं होतं. अजून एकच दिवस झाला होता. पण अंगणात युम्ना त्या पिल्लाला माझ्या कात्रीनं मांसाचे बारीक तुकडे करून भरवत होती आणि त्याच्याशी बोलत होती. दीड वर्षात बोलली नाही इतकं. मी म्हटलं, एका पाखराचं काय, अल्ला माफ करतो. तिजानीला हलकं वाटलं. मलाही.

३ मे, रविवार

पिल्लाची आई आली. सकाळी गच्चीच्या कठड्यावर बसलेली दिसली. पाठ निळसर काळी, गाल काळे, बरीच मोठी. अंगणात पिल्लू खोक्यात बसून कर्कश ओरडत होतं, पण तिनं त्याच्याकडे मान वळवली नाही. युम्ना जिकडं जाईल तिकडं तिची मान फिरत होती.

लल्ला जन्नातनं हातातलं पीठ झटकलं आणि भावाला विचारलं, किती होती रे? तो म्हणाला, दोन. ती म्हणाली, मग ही इथं काय करते आहे, घरी पोर नाही का हिला? तो तंबाखू शोधायला उठला.

६ मे, बुधवार

गेले तीन दिवस रोज सकाळी गच्चीवर मेलेला लावा. पिसं उपटलेला, मुंडकं नसलेला, नीट कठड्यावर ठेवलेला. पहिला लल्ला जन्नातनं कुसकुसाच्या रव्यात घातला, म्हणाली खाटकाला कळवा, दुकान बंद कर म्हणावं. आजचा तिनं खाणीत फेकला.

तो का फेकला म्हणून युम्ना रडली.

१० मे, रविवार

युम्ना चार दिवस धड जेवत नाही. मला वाटलं ऊन लागलं. नव्या झग्यासाठी तिचं माप घेतलं तर महिन्यापूर्वीच्या मापापेक्षा कंबर दोन बोटं कमी. उचलून घेतलं तर हाताला वजनच नाही.

आज अंथरूण झटकायला घेतलं. खाली पिसं. आणि बारीक हाडं, चाटूनपुसून पांढरी केलेली.

मी वर धावले. युम्ना गच्चीच्या कडेला उकिडवी बसली होती. समोर, हाताच्या अंतरावर ती. पायाखाली लावा धरून मांसाचा एकेक धागा काढत होती, मान तिरकी करून पुढं करत होती. माझ्या लेकीनं तोंड उघडलं होतं.

मी चप्पल फेकून मारली. बहिरी उडाली, घाईनं नाही. युम्ना ओरडली. तसं ओरडणं मी रोज ऐकते, अंगणातल्या खोक्यातून.

१२ मे, मंगळवार

तिजानी काही करेना, म्हणून मीच अम्म शाझलीकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हातारा काठी घेऊन तसाच आमच्या घरी आला आणि तिजानीला म्हणाला, माझ्या हातात तुझा दोर होता, माझ्याशीसुद्धा खोटं बोललास? तिजानी मान खाली घालून बसला.

मग म्हातारा हळूहळू म्हणाला, बाकीच्या कुणाशी खोटं बोलला असतास तर निभलं असतं. तू तिला सांगितलंस की एक तुझं ठेवलंय. तिनं ऐकलं. आता ती तिचं राहिलेलं शोधते आहे. या घरात पिल्लं किती आहेत, मोज.

कुणी मोजलं नाही. दोघं समोरच होती. एक खोक्यात, एक माझ्या मांडीवर.

लल्ला जन्नातनं भावाच्या थोबाडीत मारली. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या. माझ्याकडेही वळली होती, पण हात खाली घेतला. मला मारायला हवं होतं तिनं. मलाही माहीत होतं.

१३ मे, बुधवार

पिल्लू परत ठेवलं. तिजानी स्वतः उतरला. मोठ्यानं म्हणाला, एकच होतं, मी खोटं बोललो, हे घे तुझं. तीनदा म्हणाला. ती वर फिरत होती म्हणे.

युम्ना पिल्लासाठी रडली नाही. आभाळाकडं बघत होती.

१६ मे, शनिवार

पिल्लू मेलं.

अम्म शाझली तीन दिवस कड्यावर दुर्बीण लावून बसला होता. आई घरट्याकडं फिरकलीच नाही. वरून माणसाचं पाऊल वाजलं की पिल्लू तोंड वासून ओरडायचं, कात्रीनं तुकडे करणारं कुणी येईल म्हणून. आज ते घरट्यात आडवं होतं.

म्हातारा म्हणाला, ज्याच्या हातचं खाल्लं त्याचं झालं, त्याला ती तरी काय करणार. आणि मग त्याची नजर युम्नाकडं गेली आणि तो बोलायचा थांबला.

१७ मे, रविवार

पहाटेच्या बसनं आईकडे निघालो, तिजानी, मी, युम्ना. गाव सुटलं. कड्याच्या रस्त्याला लागलो तशी ती बहिरी बसबरोबर उडायला लागली, अगदी खिडकीच्या रेषेत. युम्ना माझ्या मांडीवरून उठली आणि उघड्या खिडकीतून अर्धी बाहेर गेली. तिजानीनं पाय धरला म्हणून.

तिनं त्याच्या हाताला चावा घेतला. रक्त आलं. ड्रायव्हरनं बस थांबवली आणि म्हणाला, माफ करा, असलं पोर मी नेत नाही.

चालत परत आलो. माझ्या भावाला तार केली आहे. त्याचा मालाचा ट्रक आहे, चारी बाजूंनी बंद. शुक्रवारी येतो.

पाच दिवस.

१८ मे, सोमवार

गच्चीचं दार बंद. कडी, वर कुलूप. तिजानी बंदूक घेऊन दिवसभर वर बसला. तो असेपर्यंत ती येत नाही. तो पाण्यासाठी खाली उतरला की कठड्यावर हजर.

आज लावा नाही. कालही नव्हता. लल्ला जन्नात म्हणाली, चला, कंटाळली वाटतं. मला बरं वाटलं. तिजानीचा चेहरा मात्र उतरला. मी विचारलं, काय झालं. तो बंदूक उचलून पुन्हा वर गेला.

१९ मे, मंगळवार

आता कळलं.

ती खिडकीसमोरून गेली. पायात लावा. परत आली. पुन्हा गेली, जरा लांबून.

युम्ना गजांना धरून ओरडते आहे. तीन दिवस तिच्या पोटात काही नाही. अंडं दिलं, दूध, मध, कच्चं मांससुद्धा दिलं, अल्ला मला माफ करो, माझ्या हातानं. तोंड फिरवते.

तिजानीनं हिशेब केला. पिल्लाला आज सहा आठवडे झाले असते. उडायचं वय.

खिडक्यांना फळ्या ठोकल्या. तिजानी ठोकता ठोकता रडत होता. म्हणाला, तिनं मला एकदा हाक मारावी एवढंच हवं होतं, झकिया. मी त्याच्या हातात पुढचा खिळा दिला. बोलायला माझं तोंड कुठं आहे.

२० मे, बुधवार

फळ्यांमागून आवाज येतो तिचा. सतत. क्याक क्याक क्याक. बाहेर आवाज आला की आतून उत्तर.

तिजानीच्या पेटीतून ससाण्याचा पायपट्टा काढला, चामड्याचा. एक टोक युम्नाच्या घोट्याला, एक माझ्या मनगटाला. माझी गाठ आहे, शिंपिणीची. सुटणार नाही.

भूक लागली, म्हणाली. दोन दिवसांत पहिला शब्द. मी दुधाची वाटी तोंडाशी नेली.

म्हणाली, तुझं नको.

२१ मे, गुरुवार. सकाळ

ही तिसरी रात्र गेली, मी झोपले नाही. लिहिते म्हणजे डोळा लागणार नाही.

उद्या भाऊ येतो. एकच दिवस. उचलून ट्रकमध्ये घालायची, मागं बघायचं नाही. आईकडे. तिथं समुद्र आहे पण कडा नाही.

तिजानी केलिबियाला गेला, भावाला फोन करायला, आजच निघ म्हणून. बंदूक लल्ला जन्नातकडं देऊन गेला. तिला ती धरताही येत नाही.

युम्ना झोपली आहे. शांत. किती हलकी झाली आहे, अंगाखाली चादरीला सुरकुतीसुद्धा नाही.

दुपार

वारा उठलाय. लल्ला जन्नातची धुतलेली लोकर चार दिवस गच्चीवर आहे. आणायला गेली. मी म्हटलं राहू दे. म्हणाली, दोन मिनिटं गं, बंदूक आहे ना.

उतरली. दोन्ही हातांत लोकर, हनुवटीपर्यंत. विचारलं, कडी? म्हणाली, हात भरलेत, दार लोटलंय, हे टाकते आणि आत्ता जाऊन—

उठायला हवं मी. युम्ना जागी होईल. लल्ला जाईलच. पट्टा हाताला आहे. गाठ पाहिली. आहे. बाहेर ती ओरडत नाही आज. बरं आहे. शांत आहे सगळं. जरा—

डोळा लागला होता. किती वेळ? फळ्यांमधली उन्हाची रेघ जमिनीवरून भिंतीवर चढली आहे. लल्ला खालच्या खोलीत लोकर पिंजते आहे, आवाज येतोय. म्हणजे ती वर—

पट्टा हाताला आहे. गाठ तशीच. ओढला. नुसता येतोय. टोक ओलं. चावलेलं—

वरून आवाज. तिचाच, युम्नाचा, खेळताना म्हणते तसा, हसत—

एक तुझं, ए